सल्ला हवा: बी.एस्सी. नंतर बी.एड., साताऱ्यात राहून की कोरेगावहून ये-जा?

वर्धनगड:
भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालंय. शिवाजी विद्यापीठाचं बी.एड. करायचं आहे, महाविद्यालय सातारा शहरातलं हवं. कोरेगावहून रोज ये-जा जमेल का? सोबत दिवसा क्लासमध्ये शिकवणं चालू ठेवता येईल का? अध्यापन पद्धती (म्हणजे शाळेत शिकवायचे विषय) कोणत्या घ्याव्यात? आणि सराव पाठांची सगळ्यात जास्त धास्ती आहे, त्याबद्दल सविस्तर सांगा.

कृष्णाकाठ:
ये-जा जमते. एसटीच्या विद्यार्थी मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, महाविद्यालयाचा दाखला लागतो. फक्त आंतरवासितेत (शाळेत जाऊन शिकवण्याच्या काळात) परिपाठाच्या आधी शाळेत हजर असावं लागतं आणि शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा त्या दिवसाची गाडी आधीच बघून ठेवा.

दिवसाची नोकरी मात्र सोडा. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांचा अभ्यासक्रम, वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, तासिका आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के हजेरी. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. 'हजर न राहता बी.एड.' अशी जाहिरात दिसली तर त्या वाटेला जाऊच नका. दोन वर्षं आणि पैसे, दोन्ही जातात.

सेतू_खिडकी:
कागदपत्रांचं आत्ताच बघा. सीईटीला (बी.एड.च्या प्रवेश परीक्षेला) १०० प्रश्न, ९० मिनिटं: मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के लागतात.

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज भरला असं होत नाही. कॅपची (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची) नोंदणी वेगळी असते आणि दरवर्षी चांगले गुण असलेली मुलं इथेच राहून जातात. राखीव जागेवर जाणार असाल तर जात वैधता आणि (लागू असेल तर) नॉन क्रिमीलेअर हातात ठेवा. नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, जुनं प्रमाणपत्र चालत नाही. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज, बँक खातं आधारला जोडलेलं, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरायचं नाही.

फळा_आणि_खडू:
पद्धतींचं उत्तर सोपं आहे: विज्ञान आणि गणित. भरतीत पदवीचा विषय बघतात, म्हणून सोपी वाटते म्हणून भलतीच पद्धती घेऊ नका.

आता सराव पाठ. सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. एका वेळी एकच कौशल्य, समोर पाच-दहा सहाध्यायी. चक्र ३६ मिनिटांचं: अध्यापन ६, प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं) ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६. मधली १२ मिनिटं सगळ्यात मोलाची आणि नेमकी तीच गप्पांत जातात. निरीक्षकाने नोंदवलेल्या दोनच त्रुटी घ्या आणि तेवढ्याच दुरुस्त करा.

प्रश्न कौशल्यात हमखास होणाऱ्या चुका: आधी नाव घेऊन मग प्रश्न विचारणं (बाकीचा वर्ग लगेच सुटतो), हो-नाहीचे प्रश्न, मुलाचं उत्तर आपणच पुन्हा म्हणणं, आणि सगळ्यांना एका सुरात बोलू देणं. प्रश्न वर्गाला विचारा, तीन-चार सेकंद थांबा, मग नाव घ्या.

पूर्ण पाठाच्या टाचणात (लेखी आराखड्यात) हेतुकथनाच्या, म्हणजे आज काय शिकायचं ते वर्गाला सांगण्याच्या, आधीचे प्रश्न फसतात. नववीचं 'गतीचे नियम' घ्या. 'गती म्हणजे काय?' अशी सुरुवात केली तर व्याख्येची घोकंपट्टी होते. त्याऐवजी: पोवई नाक्यावरून राजवाड्याला गेलो आणि त्याच रस्त्याने परत आलो, किती चाललो? निघालो तिथून आता किती लांब आहोत? दुसऱ्याचं उत्तर शून्य येतं, मुलं गोंधळतात, आणि विस्थापनाचं हेतुकथन आपोआप जागेवर बसतं.

उद्दिष्टांत 'विद्यार्थ्याला समजते' लिहू नका. ते तपासता येत नाही. 'अंतर व विस्थापन यांतील फरक सांगतो', 'दैनंदिन उदाहरण देतो' असं स्पष्टीकरण (मूल काय करून दाखवेल ते) लिहा. मूल्यमापनाचे प्रश्न मग त्यातूनच निघतात. ३५ मिनिटांच्या तासात प्रस्तावनेला पाचच्या वर मिनिटं देऊ नका, नाहीतर घंटा होते आणि मूल्यमापन राहतं.

कृष्णाकाठ:
यात भर: फलक लेखनाचा आराखडा टाचणातच काढा. आकृती कुठे, मुद्दे कुठे, हे ठरलेलं नसेल तर अर्ध्या तासात फळा भरतो आणि आकृती पुसावी लागते. टाचणावर मार्गदर्शकांची सही पाठाच्या आदल्या दिवशी घ्या.

वर्धनगड:
मनापासून आभार. बी.एड. वर पहिली ते पाचवीला अर्ज करता येतो का? आणि आंतरवासितेत घटक चाचणी घ्यायची म्हणजे नेमकं काय काय?

सेतू_खिडकी:
नाही. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वर्गांना डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) हवं. सहावी ते आठवीला टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर लागतो: १५० गुणांचा, उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५. पवित्र या शासनाच्या पोर्टलवरच्या शिक्षक भरतीसाठी शिवाय अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर एम.एस्सी. ही लागेल.

फळा_आणि_खडू:
घटक चाचणीत क्रम चुकवू नका. बरेच जण आधी प्रश्न काढतात आणि मग संविधान तक्ता (कशाला किती गुण ते दाखवणारा) त्यात बसवतात. तपासणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं, कारण आडव्या आणि उभ्या रकान्यांची बेरीज जुळत नाही किंवा उपयोजनाला गुणच उरत नाहीत. आधी उद्दिष्टांना, उपघटकांना आणि प्रश्नप्रकारांना भारांश (गुणांचा वाटा) ठरवा, तक्ता भरा, मग प्रश्न, मग उत्तरसूची आणि गुणदान योजना. पेपर तपासल्यावर नुसती सरासरी काढून थांबू नका. कोणता प्रश्न किती मुलांचा चुकला याचा तक्ता करा आणि सर्वाधिक चुकलेल्या प्रश्नावर एक उपचारात्मक तास घ्या. अहवालात तो तास त्याच्या टाचणासह जोडा.