छोटे स्पीकर आणि गोव्यातली दमट हवा

कॉम्प्युटरच्या यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या स्पीकरांना बास (खालचा, घुमणारा आवाज) नाही म्हणून ते टाकाऊ, असं काहीजण म्हणतात. मला ते अर्धंच पटलं. यूएसबी २.० पोर्टातून जेमतेम २.५ वॅट वीज मिळते, त्यात आवाज काढणारा पडदा २-३ इंची. डग्ग्याचा घुमारा त्यातून येणार नाहीच. पण गळा आणि हार्मोनियम स्वच्छ येतात. नाट्यगीतं ऐकायला मला तेवढं पुरतं.

पण हवेबद्दल कोणीच बोलत नाही. आमच्या म्हापशात पावसाळ्यात व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर सुरू, कधी एक बाजू बंदच! बटणाच्या आतल्या, आवाज कमीजास्त करणाऱ्या पट्टीवर ओल आणि धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा फवारा) मारून बटण पुन्हापुन्हा फिरवा, बहुतेकदा सुटतं. पडद्याभोवतीची फोमची कड मात्र दमट हवेत भुसभुशीत होऊन फाटते. गोव्यात राहणाऱ्यांनी रबरी कडेचेच घ्यावेत.