‘देवाची इच्छा’ म्हणालो आणि माईने दार ओढून घेतलं

मास्तर_वेंगुर्ला

वेंगुर्ला तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत राहतो. आम्ही कॅथलिक. प्राथमिक शाळेत २८ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. चर्चच्या घरभेटीच्या गटात आहे, म्हणजे कुणाकडे आजारपण किंवा मयत झाली की आम्ही दोघं-तिघं जातो, तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणतो, थोडा वेळ बसतो.

मासेमारीची बंदी उठून तीन-चार आठवडे झाले होते. रविवारी पहाटे आमच्या वाडीतली एक फायबरची होडी खाडीच्या मुखाशी लाटेत उलटली. चौघं होते. तिघं पोहून आले, चौथा आला नाही. २४ वर्षांचा. माझ्याकडे चौथीत होता. सहा दिवस सगळ्या गावच्या होड्या शोधत होत्या. काही मिळालं नाही.

सातव्या दिवशी मी त्याच्या आईकडे गेलो. सगळी वाडी तिला माई म्हणते. नवरा आधीच गेलेला, हा एकुलता. ती ओट्यावर बसली होती, त्याचं जाळं समोर तसंच पडलेलं. मला काही सुचेना, आणि तोंडाला नेहमीचं आलं: “माई, देवाची इच्छा. चांगली माणसं त्याला लवकर हवी असतात.” ती म्हणाली, “मास्तरांनू, तुमच्या देवाक सांगा, माका माझो झील होयो.” म्हणजे मला माझा मुलगा हवा. उठली, आत गेली आणि दार ओढून घेतलं.

त्याला सात आठवडे झाले. माई मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येत नाही. डावीकडचा पहिला बाक तिचा, तिथे आता कुणी बसत नाही. बायका कुजबुजतात की तिचा विश्वास उडाला. काहीजणी त्याहून वाईट बोलतात: रविवारची मिस्सा चुकवून पोरगा दर्यात गेला, म्हणून असं झालं.

आता २ नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस, जवळ येतोय. त्या दिवशी आम्ही सगळे दफनभूमीत जातो, थडगी धुतो, झेंडूचे हार घालतो, मेणबत्त्या लावतो. माईला थडगंच नाही.

मी चुकीचं बोललो का? आणि आता परत कोणत्या तोंडाने जाऊ? मला रात्री झोप लागत नाही, म्हणून इथे विचारतोय.

तेर्स_सातला

मास्तर, तुम्ही चुकीचं काही बोलला नाहीत. बायबलमध्ये संत पौलाने रोमकरांना लिहिलंच आहे की देवावर प्रेम करणाऱ्यांच्या बाबतीत सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच करतात. माईला आज ते कळणार नाही, वेळ जाऊ द्या. आम्ही घरी तिच्यासाठी रोज प्रार्थना करू.

परिचारिका_रत्नागिरी

वरच्या ताईंची प्रार्थना मोलाची आहे, पण ते वचन माईपुढे नेऊ नका अशी माझी विनंती. ते माणसाने स्वतःच्या दुःखात, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं असतं. दुसऱ्याने ते आपल्याला ऐकवलं की त्याचा दगड होतो.

मी ३४ वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली, बरीचशी प्रसूतीच्या वॉर्डात. सुरुवातीची गोष्ट सांगते. एका बाईचं बाळ जन्मल्यावर तासाभरात गेलं. मी तरुण, बायबल पाठ असलेली. दोन दिवस मी तिला धीराचे शब्द देत राहिले आणि ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. बाळ नव्हतं आणि छाती दगडासारखी. मला हे शिकवलेलं होतं, तरी माझ्या लक्षात आलं नाही. आमच्या वॉर्डातल्या आयाच्या लक्षात आलं. कोमट पाण्याचं भांडं आणि फडकं घेऊन ती आली, पडदा ओढला, तिच्या खाटेवर बसली आणि हळूहळू दूध पिळून काढलं. दोघी रडत होत्या. आया एक शब्द बोलली नाही. त्या रात्री ती बाई पहिल्यांदा जेवली.

मास्तर, बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक परत उघडा. सगळं गमावलेल्या त्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तिथवर त्यांचं सगळं बरोबर होतं. मग ते तोंड उघडतात आणि देवाची बाजू मांडत बसतात. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर! माझा सेवक ईयोब माझ्याविषयी खरं बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना सांगतो. आणि ईयोब काय बोलत होता? जन्माला आलो तो दिवस जळो म्हणत होता, देवाला जाब विचारत होता. लाजर मेल्यावर त्याची बहीण मार्था येशूला तोंडावर म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो तिला दटावत नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच रडतो, आणि ते लाजराला मेलेल्यातून उठवणार हे ठाऊक असताना. “माका माझो झील होयो” ही माईची प्रार्थनाच आहे. ती देवाशीच बोलली, तुमच्यामार्फत. जिचा विश्वास उडाला ती देवाला निरोप कशाला धाडेल?

रविवारचं बोलणाऱ्या बायकांना लूकच्या शुभवर्तमानातला १३ वा अध्याय दाखवा. शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसं मेली, ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का, असं येशू विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. हे त्यांना सांगायलाच हवं. इथे गप्प राहणं मला पटत नाही.

माझी पणजी १८९७ च्या दुष्काळात अनाथ होऊन पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात आली. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील १८७४ मध्ये दुष्काळातच गेले होते. भूक काय असते हे माहीत होतं, म्हणून त्या मध्य प्रांतात जाऊन मुलींना घेऊन आल्या. पुढे १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. पणजी सांगायची, बाईंनी आम्हाला दुष्काळाचं कारण कधी सांगितलं नाही, आधी भाकरी दिली. मी ते लहानपणापासून ऐकत आले, आणि तरी त्या वॉर्डात विसरले.

तुम्ही परत जा. तिचं कोणतं काम अडलंय ते बघा.

रापणकार_मालवण

मी ख्रिश्चन नाही, हिंदू गाबीत मच्छीमार आहे, पण दर्याचं दुःख आमच्याही घरात आहे. माझा काका असाच गेला, हाती काही लागलं नाही. आमच्यात अशा वेळी पालाशविधी करतात, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. काकी त्यानंतरच पहिल्यांदा मोठ्याने रडली. तुमच्यात देहाशिवाय काही करता येतं का ते फादरना विचारा.

दुसरं, कागदांचं. मच्छीमारांच्या गट अपघात विम्यात मृत्यूला ५ लाख मिळतात. मुलाचं नाव मच्छीमार सोसायटीमार्फत नोंदवलेलं आहे का ते आधी बघा. देह नसला की मृत्यूचा दाखला अडतो, कायद्याचा साधा हिशेब सात वर्षांचा आहे, तोवर माणूस बेपत्ताच धरतात. म्हणून पंचनामा, वाचलेल्या तिघांचे जबाब आणि सोसायटीचं पत्र आत्ताच गोळा करा. पोरं सगळं विसरत जातात, नाहीतर कामाला बाहेर निघून जातात. माई एकटी हे करू शकणार नाही. काकीबरोबर कुणी गेलं नव्हतं.

मास्तर_वेंगुर्ला

काल गेलो. हातात पुस्तक नेलं नाही.

माई शेतात होती. खाचरातलं भात पिकून आडवं पडायला आलेलं, आणि ती एकटीच कापत होती. दरवर्षी मायलेक मिळून कापायची. मी घरी जाऊन विळा आणला आणि शेजारची ओळ धरली. तिने बघितलं, काही म्हणाली नाही. चार वाजेपर्यंत कापलं. मी देवाचं नाव काढलं नाही. बांधावर बसून तिने मला पेज दिली आणि विचारलं, “चौथीत कसो होतो तो?” मी सांगितलं की गणिताच्या वहीत समासभर होड्या काढायचा, मी ओरडायचो, तरी काढायचा. शिडाच्या दोऱ्या अगदी बरोबर असायच्या. माई हसली आणि मग खूप रडली. मीही रडलो.

रविवारचं बोलणाऱ्यांपैकी एक माझी सख्खी वहिनी आहे. तिला लूकचा अध्याय वाचून दाखवला. आज ती भात बांधायला आली.

फादर म्हणाले, देहाशिवायही मृतासाठी मिस्सा होते. माईची तयारी असेल तेव्हा, घाई नाही. मी निघताना तिनेच विचारलं, “मेणबत्ती खंय लावू, मास्तरांनू?” मी म्हटलं, “माका ठावक नाय, माई.”

रापणकार भाऊ, सोमवारी माईला घेऊन तालुक्याला जातोय. सोसायटीचं पत्र मिळालंय, तिघांपैकी दोघं जबाबाला यायला तयार आहेत. तिसरा गोव्याला ट्रॉलरवर गेलाय. त्याचा जबाब फोनवर चालेल का, की त्यालाच बोलवावं लागेल?