भट्टी लावली तरी राख कुठे टाकणार?
बेटावरच्या कचऱ्याबद्दल कुणी म्हणतं की डम्पिंगला जागा नाही तर सरळ कचरा जाळायची भट्टी लावा. जागेचा मुद्दा शंभर टक्के मान्य, खड्ड्यातून झिरपलेलं घाण पाणी शेवटी विहिरीतच उतरतं. पण जाळून कचरा नाहीसा होत नाही हो, वजनाच्या जवळपास पाव हिस्सा राख उरते आणि धुरातून पकडलेल्या बारीक राखेत शिसं, कॅडमियम असे विषारी धातू असतात, म्हणजे ती नीट पुरायला परत जागा लागणारच. शिवाय ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच, ते आटवायला जहाजाने आणलेलं डिझेल जाळायचं का? डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाने तर असलेली भट्टी बंद करून २०३२ पर्यंत कचरामुक्त व्हायचं ठरवलंय.

माझं म्हणणं, आधी ओला कचरा वेगळा काढा, निम्मं ओझं तिथेच उतरतं. मासळीचा कचरा खतात घातला की वास मारतो म्हणून लोक घाबरतात, पण मी स्वतः केलंय, खाली-वर सुक्या पाल्याचा आणि लाकडाच्या भुशाचा जाड थर द्यायचा, मूठभर घेऊन पिळलं तर एखाद-दुसराच थेंब पडायला हवा. जमलं की चार दिवसांत ढिगातून वाफ येते, हात आत ठेववत नाही. राहिले डबे, प्लास्टिक, पुठ्ठा, तर माल उतरवून बोटी बऱ्याचदा रिकाम्याच परत जातात, दाबून गठ्ठे करा आणि त्यातूनच पाठवा.