मदत हवी आहे : मानेच्या प्लेटमधल्या स्क्रूचा खटका पुन्हा बसत नाही

नमस्कार मंडळी,
मी एम.टेक. (मेकॅनिकल) करतोय. प्रोजेक्ट आहे मानेच्या मणक्यांवर पुढून बसवतात त्या टायटॅनियम प्लेटचा. चकती काढल्यावर दोन मणके जुळेपर्यंत ही प्लेट त्यांना धरून ठेवते. मान हलते तसा स्क्रू सैल होऊन बाहेर सरकू शकतो, आणि पुढ्यातच अन्ननलिका. त्यामुळे खटका हवाच. जुन्या कास्पर प्लेटला तो नव्हता. पकडीसाठी स्क्रू मणक्याच्या मागच्या भिंतीत न्यावा लागे, म्हणजे मज्जारज्जूच्या अगदी जवळ. स्विस सर्जन मोर्शर यांच्या प्लेटमध्ये मोठ्या स्क्रूच्या डोक्यात बारका स्क्रू घालून डोकं फुलवत. पुढे फिरवायचे कॅम (फिरवले की स्क्रूच्या डोक्यावर येणारे छोटे तुकडे) आले.

मला सुटा भाग नको आहे. म्हणून भोकाच्या कडेला प्लेटमध्येच वायर-कटने (ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या तारेने) जीभ कापली : लांबी ४ मि.मी., जाडी ०.४. स्क्रू आवळताना डोकं तिला ०.२५ मि.मी. बाजूला सारतं, खाली उतरलं की जीभ टक्‌कन डोक्यावर येते. पहिल्यांदा झकास. तोच स्क्रू काढून परत घातला की टक् नाही, जीभ अर्ध्यातच राहते. शिवाय स्क्रू १० अंश तिरका घातला की डोक्याची (व्यास ५ मि.मी.) एक कड वर राहते आणि जीभ बसतच नाही. जीभ पातळ करू का? लांबी वाढवायला जागा नाही. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा, फार अडलंय.

प्रतिसाद :
जिभेच्या मुळाशी ताण (स्ट्रेन, म्हणजे धातू किती टक्के ताणला जातो) किती येतो ते काढा : दीड गुणिले जाडी गुणिले सरक, भागिले लांबीचा वर्ग. तुमचा ०.९४ टक्के येतो. ६-४ टायटॅनियम (६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू) ०.७-०.८ टक्क्यांच्या आसपासच कायमचं वाकतं. जाडी ०.३ केलीत तरी ०.७, म्हणजे काठावरच. त्यापेक्षा जीभ भोकाभोवती वळवून ५.५ मि.मी. करा, ताण ०.५ वर येईल. मुळाशी गोलाई सोडा, कोपरा नको.

जीभ मऊ झाली म्हणून घाबरू नका. स्क्रू बाहेर येताना तिला वर ढकलतो, त्या दिशेला प्लेटची जाडी कामाला येते. फक्त ओठाची (जिभेचा डोक्यावर येणारा भाग) खालची बाजू सपाट हवी. उतरती असेल तर डोकंच तिला बाजूला सारेल.

तिरक्या स्क्रूची कड ०.४३ मि.मी. वर येते. ओठ तेवढा वर घ्या, पण मग सरळ स्क्रूला तेवढाच खेळ राहतो. तो चालेल का, हे सर्जनना विचाराच. आणि टक् आवाजावर विसंबू नका : जीभ डोक्यावर आलेली वरून दिसली पाहिजे. पुन्हा ऑपरेशन झालं तर ती मागे सारायला अवजारासाठी खाचही ठेवा.

धागाकर्ता :
मनापासून आभार! ओठ उतरताच आहे, तो आधी बदलतो. वळवलेली जीभ प्लेटच्या मधल्या बाजूला घेऊ की बाहेरच्या? बाहेर घेतली तर कडेला जेमतेम १ मि.मी. धातू उरतोय.