प्रतिसाद: देणगी नेमकी कुठे मुरते

लेखन परिषदांमध्ये वक्त्यांचं मानधन प्रवेश फीतून निघतं, मग देणगीदार कशाला, हा वरच्या चर्चेतला मुद्दा अर्धाच पटला. मानधन निघतंही, अडतं ते हॉटेलच्या करारात. टेक्सासातल्या मेबॉर्न परिषदेचंच घ्या (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सासची, 2005मध्ये सुरू झालेली, कथनात्मक ललितेतर लेखनासाठी, म्हणजे खऱ्या घटना गोष्टीसारख्या सांगणाऱ्या लेखनासाठी). अशी परिषद हॉटेलात भरवायची तर खोल्या आधीच अडवून ठेवाव्या लागतात आणि करारात त्यातल्या साधारण 80 टक्के भरतील अशी हमी द्यावी लागते. 200 खोली-रात्री (एक खोली एका रात्रीसाठी, अशा हिशोबाने) अडवल्या आणि 120च भरल्या, तर हमीच्या 160पैकी उरलेल्या 40चे पैसे आयोजकांच्या बोडक्यावर. जेवणाखाणाच्या किमान बिलाची अट वेगळीच. फी जमा होते शेवटच्या महिन्यात, सही मात्र वर्षभर आधी करावी लागते. ही जोखीम देणगीच्या भरवशावर घेतली जाते.

देणगी कोणत्या प्रकारची, हेही बघायला हवं. कायम निधीतून (ज्याची मूळ रक्कम राखून ठेवतात) वर्षाला साधारण 4 ते 5 टक्केच काढतात. म्हणजे एक लाख डॉलरवर जेमतेम साडेचार हजार. विद्यार्थ्यांची फीमाफी आणि एखादं बक्षीस, संपलं. शिवाय दाता 'फक्त बक्षिसासाठी' असं लिहून देतो, तेव्हा त्यातून माइकवाल्याचं बिल चुकवता येत नाही. बक्षिसाला नाव लागतं म्हणून त्याला दाते मिळतात (मेबॉर्नच्या वृत्तपत्रीय कथनलेखन स्पर्धेला 'द डॅलस मॉर्निंग न्यूज'चं पाठबळ होतं). माइकला कोण नाव देणार? त्यामुळे दात्याकडे जाताना निदान काही रक्कम बिनअटीची मागून घ्यावी, आणि तीही हॉटेलशी करार करण्याआधी.