स्मोक डिटेक्टर घरात यायला इतकी वर्षं का लागली?

पाटीपेन्सिल:
धूर ओळखायचं तत्त्व १९३० च्या दशकातच हाती लागलं होतं म्हणतात. मग अमेरिकेत ही डबी घरोघरी पोचायला १९७५ का उजाडलं? दुसरा प्रश्न व्यवहाराचा. न्यू जर्सीतल्या फ्लॅटमध्ये फोडणी पडली की छतावरचा डिटेक्टर बोंबलतो. आयनीकरणवाला ठेवावा की फोटोइलेक्ट्रिक?

ओहमकार:
घोडं अडलं होतं विजेपाशी. स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारं उपकरण बनवत होता. वायूने काटा हलेना, सिगारेटच्या धुराने मात्र प्रवाह उतरला, असा किस्सा सांगतात. हाच आयनीकरणवाला. तत्त्व सोपं आहे. किरणोत्सारी स्रोतामुळे दोन पट्ट्यांमधली हवा आयनित होते आणि बारीकसा प्रवाह वाहतो. धुराचे कण आयनांना चिकटले की तो घटतो. पण हा प्रवाह पिकोअँपिअरमधला (म्हणजे अँपिअरच्या लाख-कोटीव्या भागांतला), त्यावर भोंगा कसा वाजणार? अर्न्स्ट मायली या स्विस भौतिकशास्त्रज्ञाने त्यासाठी कोल्ड कॅथोड नळी, म्हणजे क्षीण प्रवाह वाढवणारी वायूभरली नळी, वापरली. तिला दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत. म्हणजे वेगळं वायरिंग, पॅनेल, देखभालीला माणूस. १९५१ पासून अमेरिकेत विक्री सुरू झाली, पण गिऱ्हाईक कारखाने आणि मोठ्या इमारतीच.

१९६५ च्या सुमारास कोलोरॅडोत ड्युएन पिअरसॉल आणि स्टॅन्ली पीटरसन यांनी बॅटरीवर चालणारा घरगुती नग तयार केला. पिअरसॉलची स्टॅटिट्रॉल कंपनी मुळात स्थिर वीज घालवणारी यंत्रं करायची. मोठ्या प्रमाणावर उत्पादन १९७५ मध्ये सुरू झालं. इतका क्षीण प्रवाह न खाता मोजणारा मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आणि थोडक्या विजेवर कर्कश वाजणारा पिझो भोंगा, या दोन गोष्टींमुळे ९ व्होल्टच्या एका सेलवर वर्षभर भागू लागलं. माझ्या मते खरा शोध हाच. बाकी सगळं आधीपासून होतं.

तिसरी घंटा:
कायदा आडवा नाही आला, उलट त्यानेच रेटा दिला. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने असे डिटेक्टर विकायचा पहिला परवाना १९६३ मध्ये दिला. १९७६ च्या लाइफ सेफ्टी कोड या अमेरिकी सुरक्षा नियमावलीमध्ये घरांसाठी डिटेक्टर आवश्यक ठरला.

आतल्या किरणोत्सारी स्रोताची भीती नको. सुरुवातीला रेडियम असे, आता अमेरिशियम-२४१, तोही अगदी थोडा, साधारण १ मायक्रोक्युरी (हे किरणोत्साराचं माप). त्यातून निघणारे अल्फा कण कागदानेही अडतात. फक्त आतली डबी उघडू नका. भारतात अशा डिटेक्टरवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण आहे, त्यामुळे तिथे जुना नग भंगारवाल्याला देऊ नये.

कढईकर:
फोडणीबद्दल. तापलेल्या तेलाचे कण फार बारीक असतात आणि आयनीकरणवाला नेमका बारीक कणांवर चटकन उठतो. भडकलेली आग तो लवकर पकडतो. गादी-सोफा धुमसत असेल तर फोटोइलेक्ट्रिक पुढे. त्यात एलईडीचा झोत सेन्सरवर थेट पडत नाही. धुराने तो विखुरला की सेन्सरला दिसतो. वाफेनेही फसतो, म्हणून बाथरूमच्या दारासमोर नको.

शेगडीपासून ३ मीटरच्या आत कुठलाच लावू नका. ३ ते ६ मीटरमध्ये फोटोइलेक्ट्रिक, किंवा गप्प करायचं बटण असलेला. यूएल २१७ या डिटेक्टरच्या अमेरिकी मानकाच्या नव्या आवृत्तीत स्वयंपाकाच्या धुराची चाचणी आहे खरी, पण त्यात हॅम्बर्गर भाजतात, मोहरी तडतडत नाही! उदबत्तीही डिटेक्टरखाली लावू नका.

पाटीपेन्सिल:
आभार. आणि पहाटे तीनलाच टुक् टुक् का करतो? अमेरिशियम संपत आलं का?

ओहमकार:
त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ४३२ वर्षं आहे, ते काही संपत नाही! सेल उतरलाय. पहाटे घर गार पडतं, व्होल्टेज आणखी घसरतं आणि इशारा सुरू होतो. दिवसा गरम झालं की गप्प. नवा सेल घालून टेस्टचं बटण काही सेकंद दाबून धरा. तरीही थांबेना तर मागची तारीख बघा. १० वर्षं झाली असतील तर नगच बदला, तोवर धूळ आणि इलेक्ट्रॉनिक्सने दगा दिलेला असतो. मध्येच विनाकारण ठणाणा करत असेल तर आत कोळी किंवा किडा शिरलेला असू शकतो. व्हॅक्यूमचा मऊ ब्रश जाळीवरून फिरवा, पाणी किंवा फवारा नको.

तिसरी घंटा:
एक राहिलं. छतातून तार आलेली असेल तर तो १२० व्होल्टचा आहे, सेल फक्त वीज गेल्यावर. बदलताना आधी ब्रेकर पाडा. कंपनी बदलली तर जुना प्लग बहुधा बसत नाही, नव्या नगासोबतचा जोडावा लागतो. भाड्याचा फ्लॅट असेल तर स्वतः हात न घालता मालकाला लेखी कळवा.