‘अकाहिगे’: यासुमोतो नेमका कोणाकडून शिकतो?

मूळ मत:
अकिरा कुरोसावा यांचा १९६५ सालचा ‘अकाहिगे’, म्हणजे ‘तांबडी दाढी’, हा गुरुमहिमा सांगणारा चित्रपट मानला जातो. मला ते पटत नाही. नागासाकीला डच वैद्यक शिकून राजवैद्य होण्याची स्वप्ने पाहणारा यासुमोतो एदोमधल्या (आजच्या टोकियोतल्या) कोइशिकावाच्या धर्मार्थ दवाखान्यात येऊन पडतो आणि तिथला गणवेशही अंगाला लावून घेत नाही. त्याला बदलवतात ते दवाखान्याचे प्रमुख वैद्य निइदे, म्हणजेच ‘तांबडी दाढी’, नव्हेत, तर रोकुसुके या रुग्णाचे मूक मरण, साहाची या दुसऱ्या रुग्णाने शेवटच्या घटका मोजताना सांगितलेली कहाणी आणि कुंटणखान्यातून सोडवलेली बारा वर्षांची ओतोयो.

प्रतिसाद १:
पण रोकुसुकेच्या उशाशी त्याला बसवले कोणी? ओतोयो औषधाचा चमचा पुन्हा पुन्हा उडवून लावते आणि निइदे न चिडता तो पुन्हा भरून पुढे करतात, हे यासुमोतो डोळ्यांनी पाहतो. याहून वेगळे अध्यापन असते का? माझा आक्षेप दुसराच आहे. निइदे कधी चुकतच नाहीत, त्यामुळे तीन तासांहून लांबलेल्या या कथेत त्यांचा पुतळा होतो. निइदेंची भूमिका करणाऱ्या तोशिरो मिफुने यांना व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक मिळाले, म्हणून हा दोष झाकला जात नाही.

प्रतिसाद २:
पुतळा कसला? कुंटणखान्यातल्या गुंडांची हाडे मोडल्यावर, वैद्याने असे वागू नये, असे तेच म्हणतात. रोकुसुकेच्या मुलीची कैदेतून सुटका व्हावी म्हणून अधिकाऱ्याच्या रखेलीचे गुपित ते दबावासाठी वापरतात आणि आपण हीन काम केले, हेही कबूल करतात. (मारामारी जरा लांबली, हे मात्र मान्य.)

मूळ मत मांडणारा:
पहिल्या प्रतिसादातला चमच्याचा मुद्दा मी मान्य करतो. निइदे काहीच शिकवत नाहीत, असे म्हणणे अतिरेकाचे होते. तरीही विष प्यायलेल्या चोबो या लहान मुलाचा जीव परत यावा म्हणून बायका विहिरीत वाकून त्याच्या नावाने हाका मारतात आणि ओतोयो त्यांच्यात सामील होते, तिथे गुरू नसतो. शिवाय शेवटी यासुमोतो राजवैद्यपद नाकारतो, तेव्हा निइदे त्याला ‘पस्तावशील’ असे बजावतात आणि तो ऐकत नाही.